पक्क्या शाईतले अठ्ठ्याण्णव

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे आणि जन्माचा भित्रा आहे. दोन्ही गोष्टी पहिल्याच दमात सांगून टाकलेल्या बऱ्या, म्हणजे पुढे कुणी 'एवढं काय घाबरायचं' म्हणून मला हिणवायला नको. तुमच्या शाळेत माझा काळा भाऊ असेल. तो खडूचा. खडू करकरतो, धूळ उडते, पण फडकं फिरलं की तो मोकळा. मी पेनाचा. माझ्या अंगावर शाई बसते, आणि शाईचा काही नेम सांगता येत नाही.

पत्र्याच्या एका लांब गुंडाळीतून मला कापलं, वर पांढरा लेप चढवला आणि भट्टीत घातलं. तिथला भट्टीवाला म्हातारा मनाने फार मऊ. फळा बाहेर आला की तो हाताची पालथी बाजू त्याच्यावरून फिरवायचा आणि कुठे खडबड लागली नाही की म्हणायचा, "जा बाबा, देवाचं नाव घे आणि कामाला लाग." मी देवाचं नाव घेतलं. तेव्हापासून घेतोच आहे, कारण सोडायला धीरच झाला नाही.

पहिली नोकरी मालवाहतुकीच्या कचेरीत लागली. तिथला मॅनेजर रोज सकाळी माझ्यावर ड्रायव्हरांची नावं लिहायचा आणि नावापुढे ज्याची त्याची गाडी. येणारे-जाणारे म्हणायचे, फळा कसा आरशासारखा आहे. मी फुगायचो. मग धंदा मंदावला. एका सकाळी मॅनेजरने अंगठ्याने एक नाव पुसलं आणि त्या जागी काहीच लिहिलं नाही. थोड्या वेळाने त्या नावाचा माणूस डब्याची पिशवी घेऊन आला. त्याने मला वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं, आणि कुणालाही काही न विचारता तसाच निघून गेला.

त्या दिवशी माझ्यात भीती शिरली ती कायमची. तुम्ही म्हणाल, पुसणं तर फळ्याचा धर्मच. खरं आहे. पण पुसलेलं माझ्यातून जात नाही, ही माझी गोची आहे. तिरप्या उजेडात कधी बघाल तर माझ्या अंगावर पुसलेल्या अक्षरांच्या फिकट सावल्या दिसतील. त्या ड्रायव्हरचं नावही त्यात आहे.

पुढे कचेरीत भिंतीवर मोठा पडदा लागला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. मोडक्या खुर्च्यांच्या मागे, तोंड भिंतीकडे. माझा खालचा एक कोपरा तिथेच गंजला. तिथे किती काळ गेला देव जाणे. शेवटी कचेरीच हलली, आणि सामान बांधायला आलेल्या माणसांपैकी एकाने मला फिरवून माझ्या तोंडावरची धूळ बाहीने पुसली. त्याने मॅनेजरला विचारलं, हा नेऊ का, घरी बायको अभ्यास करते. मॅनेजर म्हणाला, ने, तेवढीच अडगळ कमी. त्या माणसाने मला खांद्यावर घेतलं. दुसरा हात त्याने सगळ्या वाटेत कमरेवर दाबून धरला होता. हा हात ध्यानात ठेवा, मित्रांनो, गोष्ट तिथूनच हलते. एवढा झाला पूर्वरंग, आता आख्यानाकडे वळतो.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी सासूबाईंचं शिलाई मशीन, त्याच्यासमोर घडीचं टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि टेबलामागच्या भिंतीवर मी. मला आणणारा नवरा घरं हलवून देणाऱ्या कंपनीत होता. कपाटं, फ्रीज, पियानोसुद्धा त्याने जिन्यावरून उतरवले होते, आणि त्या ओझ्यांनी त्याची कंबर खाल्ली होती. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, उचलणं थांबव, नाहीतर एक दिवस उचलताना बसशील तो उठणार नाहीस. तो हसून म्हणायचा की मी काय, बायको शास्त्रज्ञ झाली की आरामच करणार आहे. हसताना तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा असायचा.

आणि ती बायको. दहा वर्षं तिने एका दवाखान्याच्या काउंटरवर काढली होती. रोग्यांना वेळा द्यायच्या, फाइली काढायच्या, फाइली ठेवायच्या. मग दवाखान्याने वेळा द्यायचं काम यंत्राकडे दिलं आणि तिची खुर्ची गेली. दुसरी एखादी असती तर यंत्राला शिव्या देत बसली असती. ही म्हणाली, माझी खुर्ची ज्याने नेली त्याचं डोकं चालतं तरी कसं ते मला बघायचंय. कोर्स लावून ती डेटा सायंटिस्ट व्हायला निघाली. म्हणजे काय, तर साचलेल्या नोंदींचे ढीग उपसून त्यातून पुढचं ओळखायला यंत्राला शिकवणारी. सासूबाईंच्या जिभेवर ते इंग्रजी नाव बसेना. त्यांनी सरळ तिचं 'शास्त्रीणबाई' करून टाकलं, आणि घरात तेच चाललं.

शास्त्रीणबाई माझ्यावर आकडे मांडायची, बाण काढायची, पुसायची, पुन्हा मांडायची. एकदा तिने घंटेसारखा एक डोंगर काढला, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता, आणि त्याच्याकडे बघत कपाळाला हात लावून बसली. सासूबाईंनी मशीनवरूनच मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर बाहीची गोलाई. हिला काय घाबरायचं? मधे उंची जास्त, कडेला कमी. बेतून देऊ का?" त्या दिवशी ती पोट धरून हसली. ते हसू मला अजून आठवतं, कारण त्यानंतर घरात फारसं हसू झालं नाही.

दोन मुलाखती वाया गेल्या. पहिलीत तिच्या तोंडून शब्दच फुटेना. दुसरीनंतर साधं उत्तरसुद्धा आलं नाही. तिसरी होती दवाखान्यांसाठी काम करणाऱ्या एका कंपनीची. मुलाखत घरूनच, लॅपटॉपसमोर बसून द्यायची होती, आणि स्वतः केलेलं एखादं काम फळ्यावर मांडून दाखवायचं होतं. नवऱ्याच्या कमरेला आता पट्टा आला होता आणि तो पट्ट्यासकट ओझी उचलत होता. सकाळी तो घराबाहेर पडला की सासूबाई दारात डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि मशीनवर बसायला त्यांना वेळ लागायचा. घरातलं सगळं या एका मुलाखतीवर येऊन टेकलं होतं, आणि ती ज्याच्यावर मांडायची तो फळा मी. सांगा, मी भ्यावं की नाही?

तिने काम निवडलं ते आपल्या जुन्या दवाखान्यातलंच. वेळ घेऊन न येणारी माणसं. अशी माणसं आधी ओळखता आली तर त्यांना फोन करून आठवण देता येईल, नाहीतर ती जागा दुसऱ्या आजाऱ्याला देता येईल. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नावं-पत्ते काढून टाकून जुन्या नोंदी तिला दिल्या. काही नोंदींवर यंत्राला शिकवायचं आणि उरलेल्या बाजूला ठेवून त्यांच्यावर त्याची परीक्षा घ्यायची, अशी रीत असते. तशी तिने घेतली. आणि एका संध्याकाळी लॅपटॉपकडे बघताना तिचा हात तोंडावर गेला. न आलेल्या शंभर माणसांतली अठ्ठ्याण्णव यंत्राने बरोबर ओळखली होती.

नवरा नुकताच कामावरून आला होता. त्याने ऐकलं मात्र, कंबर विसरून तो माझ्यापाशी आला, खिशातलं पेन काढलं आणि माझ्या वरच्या कोपऱ्यात वीतभर उंचीचे अठ्ठ्याण्णव काढले. खाली दोन रेघा ओढल्या. आईला हाक मारून म्हणाला, बघ, तुझ्या शास्त्रीणबाईचे मार्क.

मित्रांनो, ते पेन टेकताच मला कळलं. माझ्या पेनाची शाई वर वर बसते. ही शाई आत घुसली. खोक्यांवर नावं घालायचं, पावसापाण्यात न पुसणारं ते जाड पेन होतं, त्याच्या रोजच्या कामाचं. तिघंही आनंदात होती. मी ओरडणार कसा? मला तोंड नाही. मी आपलं देवाचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलाखतीची तालीम करत होती. लॅपटॉपला पाठ करून, माझ्यासमोर उभी राहून, मोठ्याने. यंत्राला काय काय सांगितलं ते तिने माझ्यावर एकाखाली एक मांडलं होतं आणि पेनाचं टोक एकेका ओळीवर ठेवून ती समजावत होती. माणूस किती लांब राहतो. आधी किती वेळा चुकला. वेळ सकाळची की दुपारची. फाइल किती दिवसांनी कपाटात परत गेली.

पेन तिथेच थांबलं.

मला वाटलं ती पाठ केलेलं विसरली. पण पेनाचं टोक माझ्या अंगावर तसंच टेकून होतं आणि त्याचा बारीक ठिपका मोठा होत चालला होता. तिने टोपण लावलं, मागे सरकली आणि खुर्चीकडे न बघताच खाली बसली. नशीब, खुर्ची होती.

सासूबाईंनी मशीन थांबवून विचारलं, काय झालं. मग ती सांगू लागली, आणि जसजशी सांगत गेली तसतसा तिचा आवाज बारीक होत गेला. दवाखान्याची रीत अशी, की रोगी येणार म्हणून फाइल सकाळीच काढून ठेवायची. तो येऊन गेला की संध्याकाळी फाइल कपाटात. नाही आला तर उद्या येईल, परवा येईल म्हणून ती ट्रेमध्येच ठेवायची आणि आठवड्याने परत लावायची. म्हणजे फाइल उशिरा परत गेली याचा अर्थच तो माणूस आला नाही. दहा वर्षं तिने स्वतःच्या हाताने त्या फाइली लावल्या होत्या आणि फाइल परत लावल्याच्या तारखेचा रकानाही भरला होता. हाताला इतकी सवय झालेली, की डोक्याने त्याकडे पाहिलंच नाही.

"आई, उत्तर प्रश्नपत्रिकेतच छापलेलं होतं," ती म्हणाली. "यंत्र काही शिकलं नाही. त्याने फक्त खाली बघून वाचलं."

तिने तो रकाना काढून टाकला आणि परीक्षा पुन्हा घेतली. मी लॅपटॉपचा पडदा बघत होतो आणि देवाला विनवत होतो. शंभरातले एकसष्ट आले. तिने माझ्यावर एकसष्ट लिहिलं, साध्या पेनाने, लहान अक्षरात. मग फडकं घेऊन वरचे अठ्ठ्याण्णव पुसायला गेली. फडकं फिरलं. अठ्ठ्याण्णव तिथेच. ओलं फडकं फिरलं. तिथेच. सासूबाई साबण घेऊन धावल्या, मग भांडी घासायची पूड घेऊन, आणि दात-ओठ खाऊन त्यांनी माझा कोपरा असा घासला की माझ्या लेपावर ओरखडे उठले. मला वाटलं, आता सालच निघणार. शास्त्रीणबाईने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, राहू द्या आई, त्याला लागतंय. कुणाला लागतंय, असं त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी नवरा आला आणि दारातच त्याला घराचा रंग कळला. सगळं ऐकून तो कितीतरी वेळ पट्ट्याचा हूक काढत-लावत बसला. मग हळूच म्हणाला, "मी एक बोलू का? रागावू नको. ते लोक काय दवाखान्यात येऊन बसलेत? अठ्ठ्याण्णव आले होते ते काय तू मनाचे लिहिलेस? नोकरी लागू दे, मग सावकाश दुरुस्त कर."

त्याला वाईट म्हणू नका, मित्रांनो. बोलताना त्याचा हात कमरेवरच होता, आणि तिची नजर त्या हातावरच होती. मला मॅनेजरचा अंगठा आठवला. या घरातलं नाव कुणी पुसलं तर? एकसष्टवाल्या बाईला कोण उभं करील? मी तर मनातून म्हणत होतो, बोल बाई, अठ्ठ्याण्णव म्हण. मी भित्रा आहे, आधीच सांगितलं होतं.

ती म्हणाली, "रोगी यायच्या आधी तो रकाना कोरा असतो रे. ज्या दिवशी खरं काम पडेल, त्या दिवशी यंत्र आंधळं असेल. आणि ते विचारतील तेव्हा तोंड माझं असेल."

तो माझ्यासमोर येऊन आपल्याच अक्षराकडे बघत पुटपुटला, की एवढं वळणदार मी आयुष्यात कधी लिहिलं नाही, आणि लिहिलं ते हे.

झाकायचं कसं, एवढाच प्रश्न उरला. सासूबाईंनी उरलेल्या कापडाचा एक चौकोनी तुकडा कडा दुमडून शिवला, आणि तो चार चुंबकांनी माझ्या कोपऱ्यावर लावला. निळ्या फुलांचं कापड. बघणाऱ्याला वाटावं, हौसेने लावलंय.

मुलाखतीच्या सकाळी तिने तीनदा हात धुतले. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती. सासूबाई आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं, पण फटीतून त्यांचं पुटपुटणं मला ऐकू येत होतं. लॅपटॉपवर तीन चेहरे उगवले. दोन तरुण, आणि मधे चष्मा कपाळावर ढकललेल्या एक बाई. तरुणांनी आधी इकडचं तिकडचं विचारलं. ती उत्तरं देत होती, पण आवाज घशातून सुटत नव्हता. मग काम मांडायला सांगितलं. ती उभी राहिली. पेनाचं टोक पहिल्याच शब्दाला इतकं हललं की 'रोगी'ची वेलांटी वाकडी झाली. मी श्वास धरला. फळ्याला श्वास असतो की नाही मला ठाऊक नाही, पण मी धरला.

एकसष्टचा आकडा आला तेव्हा एका तरुणाने नाक उडवलेलं मला दिसलं. तो म्हणाला, कालच एकाने अशाच कामावर नव्वदच्या वरचा आकडा दाखवला. तुमचा इतका कमी का? तिने पेन या हातातून त्या हातात घेतलं. मग चष्म्याच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "हे एकसष्ट तरी खरे कशावरून?"

हाच तो प्रश्न. तिचे ओठ हलले, पण पहिल्या मुलाखतीसारखंच झालं, शब्द फुटेना. आतल्या दाराआडचं पुटपुटणंही थांबलं. मी म्हटलं, संपलं.

आणि ती वळली. तिचा हात कागदांकडे गेला नाही की लॅपटॉपकडे गेला नाही. तो वर आला आणि त्याने एकेक चुंबक काढायला सुरुवात केली. नको, नको, असं माझा पत्रा न् पत्रा म्हणत होता. चौथा चुंबक निघाला, निळी फुलं खाली पडली, आणि ओरखड्यांच्या मधोमध माझी सगळी लाज वीतभर उंचीची होऊन त्या तिघांसमोर उभी राहिली.

"यावरून," ती म्हणाली. "हे माझं आधीचं उत्तर. हे खोटं निघालं. कसं निघालं ते सांगते."

मग तिचा आवाज सुटला. कीर्तनात सुरुवातीला दाटलेला गळा एकदा मोकळा झाला की पुढचं निरूपण कसं आपोआप वाहतं, तसा तो वाहिला. फाइली, ट्रे, कपाट, आठवडा. तिने दहा वर्षांचं काउंटर माझ्यावर उभं केलं. एकसष्टाच्या मागे कुठलाच चोर रकाना उरला नाही हे तिने एकेक ओळ तपासून दाखवलं, आणि यंत्र उगाच किती भल्या माणसांवर संशय घेतं तेही न लपवता सांगितलं. नाक उडवणारा तरुण लिहून घेऊ लागला होता. चष्म्याच्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि विचारलं, हा आकडा पुसला का नाही? ती म्हणाली, पुसत नाहीये, घरच्यांनी आनंदात पक्क्या शाईने लिहिलाय. त्यावर त्या बाई पहिल्यांदाच हसल्या. ते हसू चांगलं की वाईट, हे मात्र मला कळलं नाही.

मग वाट बघणं. मित्रांनो, भीतीला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. फोन वाजला की मशीन थांबायचं. तिने रोज मला पुसलं, पण नवीन काही लिहिलं नाही. मी रिकामा राहिलो आणि कोपऱ्यात अठ्ठ्याण्णव घेऊन रात्रंदिवस त्या दाराकडे बघत राहिलो. मला वाटायचं, आता डब्याची पिशवी घेऊन कुणीतरी येईल, मला वरून खाली वाचेल आणि निघून जाईल.

एका दुपारी फोन आला. ती ऐकत ऐकत भिंतीला टेकली आणि घसरत खाली जमिनीवर बसली. सासूबाईंना वाटलं, झालं. त्या तिच्याजवळ बसल्या आणि तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, जाऊ दे ग, देव दुसरं दार उघडील. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "आई, घेतलंय. आधी काही महिने शिकाऊ म्हणून, पण घेतलंय."

सासूबाई उठल्या, मशीनवर बसल्या आणि कापड न लावताच मशीन चालवू लागल्या.

संध्याकाळी नवरा आला. त्याला सांगितलं तेव्हा तो आधी पट्टा काढून खुर्चीवर बसला, मग डोळे पुसून उठला, सरळ माझ्याकडे आला, आणि सवयीने त्याचा हात खिशात गेला. पेनाचं टोपण निघालं. पण त्याच्या मनगटावर तिची बोटं घट्ट बसली होती.

"थांब," ती म्हणाली. "आधी पेन बघ."

त्याने पेन बघितलं आणि असा काही चेहरा केला की सासूबाईंना ठसका लागला.

मग तिने मला मोकळं केलं. तिच्या कोर्समधल्या कुणीतरी सांगितलेली युक्ती होती. पक्क्या शाईवर तिने साध्या पेनाने हळूहळू गिरवलं. नऊ पूर्ण गिरवले, आठ पूर्ण गिरवले, खालच्या दोन रेघाही सोडल्या नाहीत. एक रेघसुद्धा चुकवायची नसते. आणि ओली असतानाच फडकं फिरवलं. दोन्ही शाया एकमेकींना धरून निघून गेल्या. घासून जे निघालं नव्हतं, ते गिरवून निघालं.

सगळं नाही हो. तिरप्या उजेडात बघाल तर अठ्ठ्याण्णवची फिकट सावली अजून आहे, त्या ड्रायव्हरच्या नावाशेजारीच. नवऱ्याने आता ओझी उचलणं सोडलं आहे, तो कंपनीत गाड्यांच्या फेऱ्या लावतो. ती रोज कामावर जाते, आणि संध्याकाळी कधी कधी माझ्यासमोर उभी राहून मोठ्याने बोलते. मी अजून भितोच. उद्या इथेही मोठा पडदा येईल आणि मी पुन्हा तोंड भिंतीकडे करून उभा राहीन, असं वाटतं. पण ती पेन हातात घेते तेव्हा आधी टोपणावरचं नाव वाचते. तेवढ्यापुरती भीती बाजूला बसते.

तर मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला पुडीने घासू नका. मऊ फडकं पुरतं. आणि एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी जीव मुठीत धरून शिकत असेल, तर त्याच्या पहिल्या उत्तराने हरखून जाऊन ते पक्क्या शाईने भिंतीवर चढवू नका. त्याला ते अजून एकदा तपासायचं असतं. जरा हात आवरा, आणि साधं पेन जवळ ठेवा.